लाल स्ट्रॅट अपडेट: झर्रर्र गेला, हम्म अर्धा राहिला

गेला मंडळी, माझ्या लाल स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटारमधला तो झर्रर्र आवाज गेला! आणि त्यासाठी शेवटी उघडावा लागला तो भिंतीवरचा स्विचबोर्ड.

मागच्या वेळी कॅव्हिटी शिल्डिंगपर्यंत (बाहेरचा विजेचा गोंगाट अडवायला गिटारच्या आतल्या पोकळीत कॉपर टेप लावणं) आलो होतो. तेव्हा ऑनलाइन मागवलेल्या कॉपर टेपच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘कंडक्टिव्ह ॲधेसिव्ह’ (वीज वाहणारा गोंद) छापलेलं, आणि मीटर लावला तर शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये बीपच नाही. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, पण टेप कुठलीही आणा, आधी दोन तुकडे एकमेकांवर चिकटवून कंटिन्युटी बघा आणि मगच कॅव्हिटीत मारा. मग काय, प्रत्येक जोडावर सोल्डरचा ठिपका दिला. पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा भाग) पाठीला सोल्डर करायला पंचवीस वॅटचं आयर्न पुरत नाही, नुसतं तापवत बसावं लागतं आणि तोवर आतला ट्रॅक शिजतो, त्यामुळे तापकीर गल्लीतून साठ वॅटचं आणलं, आता एक टच आणि काम खलास. पॉट्स १६ एमएमचेच ठेवले, २५० किलोओहमचे. मोठ्या पॉट्ससाठी पिकगार्डची (समोरची प्लास्टिकची प्लेट) भोकं ७ वरून साडेनऊ एमएम करा म्हणणारे करोत, मला तरी कानाला काही फरक कळत नाही.

तर एवढं करूनही ॲम्प लावला की झर्रर्र. तारांना हात लावला की कमी, सोडला की परत. म्हणजे ब्रिज (तारा अडकवलेला धातूचा भाग) ग्राउंडला जोडलेला आहे, जॅकचे (केबल खुपसायची जागा) हॉट म्हणजे सिग्नल आणि ग्राउंड उलटे नाहीत (उलटे असते तर हात लावल्यावर वाढला असता). जॅकच्या ग्राउंड टोकापासून ब्रिज, पॉट, टेप, पिकअपचं (तारांचं कंपन पकडणारी कॉइल) ग्राउंड, जिथे प्रोब टेकवेन तिथे ओहमचा अंशसुद्धा रेझिस्टन्स नाही, म्हणजे सगळे जोड पक्के. केबल बदलली, ॲम्प बदलला. काही नाही.

क्लू दिला पायांनी. आमचं घर जुनं, खाली शहाबादी फरशी. एकदा चप्पल न घालता वाजवत होतो तर तारांवर मनगट टेकल्यावर बारीक मुंग्या आल्या. चप्पल घातली, मुंग्या गायब. गिटारच्या आत ९ व्होल्टची बॅटरीसुद्धा नाही, मग ह्या मुंग्या येतात कुठून? ॲम्पच्या चासीवरून (धातूच्या सांगाड्यावरून), दुसरीकडून येणारच नाहीत. वायरमन काकांना बोलावलं, त्यांनी सॉकेटवर मीटर लावला. फेज ते न्यूट्रल २३२ व्होल्ट. फेज ते अर्थ पण जवळपास तेवढंच यायला हवं, आलं शंभराच्या आसपास, तेही सारखं हलणारं. बोर्ड खोलला तर हिरवी, म्हणजे अर्थची, वायर कापून, टेप गुंडाळून मागे कोंबलेली. थ्री-पिनचं वरचं मोठं भोक शोभेपुरतं! काका म्हणाले, “टीव्ही चालतो ना, मग कोण बघतंय.”

म्हणजे होत काय होतं बघा, ॲम्पची चासी अर्थला न जोडता हवेत तरंगत होती, मेन्समधून थोडं व्होल्टेज गळून तिच्यावर येत होतं, आणि आपलं सगळं शिल्डिंग, एवढे सोल्डरचे ठिपके, त्याच तरंगत्या चासीला बांधलेले. मी हात लावला की माझ्या अंगातून, फरशीतून ते जमिनीत जायला वाट मिळायची, म्हणून आवाज कमी. स्वयंपाकघरातल्या गीझरच्या १६ अँपिअरच्या पॉइंटला अर्थ शाबूत होता, तिथे ॲम्प नेऊन लावला तर एकदम शांत. आई म्हणाली, आता फोडणी देताना पण हेच का. दुसऱ्या दिवशी काकांनी खोलीची अर्थ ओढून दिली. ज्यांना मुंग्या येतात त्यांनी हे हसण्यावारी नेऊ नका, माइक आणि गिटार एकाच वेळी धरलेत तर जिवावर बेतू शकतं, आणि बोर्ड स्वतः उघडू नका.

आता हम्म, म्हणजे ती एकसुरी गुणगुण. हा वेगळा प्राणी, ५० हर्ट्झवाला, मॅग्नेटिक, कॉपर टेपला जुमानत नाही. गिटार हातात घेऊन खुर्चीसकट गोल फिरलं की एका कोनात जवळजवळ मरतो. माझ्या खोलीत कोपऱ्यातला इन्व्हर्टर हे त्याचं माहेर. पिकअप निवडायच्या स्विचच्या पोझिशन २ आणि ४ तरी शांत असायला हव्यात (तिथे मधला आणि बाजूचा पिकअप एकत्र वाजतात, मधला उलटा असला की दोघांचा हम्म एकमेकांना खोडतो), पण ह्या जुन्या पिकअप्समध्ये तिन्ही कॉइल एकाच दिशेच्या, मधला रिव्हर्स नाहीच. मी नवा सेट ऑर्डर करणार होतो, मग सुचलं की हे स्वस्तातले सिरॅमिक मॅग्नेटवाले आहेत, खाली एकच चपटा मॅग्नेट चिकटवलेला. तो उलटा केला आणि दोन वायरी अदलाबदल केल्या की झाला की रिव्हर्स-वाउंड (उलट्या दिशेने गुंडाळल्यासारखा)! ड्रायरने गोंद गरम केला, मॅग्नेट पट्टीने अलगद उचलला, फिरवून चिकटवला, वायरी फिरवल्या. खर्च शून्य. २ आणि ४ वर आता काय ती शांतता, आणि ह्या पोझिशन्सचा तो खास काचेसारखा क्वॅक आवाज तसाच. (दोन्ही करायचं हां, एकच केलंत तर आवाज नाकातून येतो.)

अल्नीको मॅग्नेटच्या पिकअपवाल्यांना हा जुगाड नाही, त्यांच्यात पोल (तारांखालचे छोटे खांब) स्वतःच मॅग्नेट असतात.

नटचं (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) सांगायचं राहिलंच. हाडाचा नट मिरजेच्या एका तंबोरा कारागिरांकडून घासून आणला. त्यांचं आयुष्य जवारी (तंबोऱ्याची ती मुद्दाम आणलेली झणझण) लावण्यात गेलेलं, मी सांगतोय की झणझण अजिबात नको. ते हसले, पण मुद्दा लगेच पकडला, स्लॉटचा तळ सपाट राहिला की मोकळी तार सतारीसारखी बोलते, म्हणून त्यांनी हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या बाजूला) उतार दिला आणि तार फक्त पुढच्या कडेवर टेकवली. मोकळा ई आता असला साफ वाजतो की मी उगाच तोच छेडत बसतो.

रंगकाम पुढे ढकललं. गॅरेजवाला ड्यूको (गाडीचा लॅकर रंग) मारून देतो म्हणतोय, पण ह्या पावसात लॅकरवर पांढुरकी झाक येणार, दिवाळीनंतर बघू. ब्रिजला हंबकर (हम्म खोडणारा दोन कॉइलचा पिकअप) टाकायला राउटिंग (लाकूड कोरणं) करणार होतो, तेही सध्या रद्द, कारण हे टाइप करता करता डोक्यात आलं की तसलाच एक सिरॅमिक पिकअप घ्यावा, मॅग्नेट काढून टाकावा आणि पिकगार्डखाली डमी कॉइल (तारांचा आवाज न घेता फक्त हम्म पकडून तो खोडणारी) म्हणून सिरीजमध्ये उलटा जोडावा. मग एकेकट्या पिकअपच्या पोझिशन १, ३, ५ पण गप्प व्हायला हव्यात. फक्त ३ ला तो उलट फिरवून जोडावा लागेल, कारण मधला आता रिव्हर्स आहे, म्हणजे स्विचिंगचं डोकं लावावं लागणार, आणि २-४ ला कॉइल बायपास. ट्रेबल थोडा मरेल, तेवढा चालेल. सुपर स्विच लागेलसं वाटतंय, चार पोल, पाच पोझिशन. कुणी आधी वायर केलं असेल तर डायग्राम टाका, आणि कुणाकडे सिरॅमिक सिंगल कॉइल धूळ खात पडला असेल तर पुण्यात मी येऊन घेऊन जातो, तार तुटलेला नको, साधारण ५ ते ७ किलोओहम दाखवणारा हवा.