दिवेघाटात नाडी ९६

पंढरीच्या वारीत दिवेघाटाच्या दुसऱ्या वळणावर मनगटाला बोटं लावून नाडी मोजली. ९६. एकादशीचा उपास, घामाने पाठीला चिकटलेलं पोलकं, ऊन मी म्हणत होतं आणि नाडी ९६. आमच्याच इंदूरच्या दिंडीतल्या सुदामानगरच्या पोरीचं मनगट धरलं तर ते १५० च्या घरात उडत होतं. "काकू, तुम्ही तर माझ्यापेक्षा फिट निघालात," ती कौतुकाने म्हणाली. मी नुसती मान हलवली आणि पुढे झाले.

फिट वगैरे काही नाही. वय ६८, हृदयाच्या एका रोहिणीत स्टेंट, सकाळ-संध्याकाळ मेटोप्रोलॉल. ती गोळी हृदयाला पळूच देत नाही. गोळी नसती तरी १५० म्हणजे माझ्या हृदयाची कमाल मर्यादाच; २२० मधून वय वजा करायचा ढोबळ हिशेब सगळ्यांना ठाऊक असतो. इंदूरच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत असे. काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर बेडकाचं हृदय आपली रेघ आपण काढायचं. ॲड्रेनॅलिनचा थेंब पडला की त्या रेघेचे दाते उंच व्हायचे, एकमेकांना खेटायचे. मुलं श्वास रोखून बघायची.

म्हातारपणी तो थेंब आटतो असं बऱ्याच जणांना वाटतं. पण रक्तातलं नॉरॲड्रेनॅलिन, म्हणजे ॲड्रेनॅलिनचं भावंड, वयाबरोबर वाढलेलंच सापडतं. हृदयाच्या पेशींवर हा संदेश झेलणारे बीटा ग्राहक मात्र त्याला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. शरीर हाका मारत राहतं आणि हृदयाला त्या निम्म्याच ऐकू येतात. तिकडे रोहिण्या ताठरलेल्या, त्यामुळे वरचं प्रेशर झपाट्याने चढतं. नाडी शांत दिसते म्हणून माणूस शांत समजावा, अशी सोय आमच्या वयात राहत नाही.

म्हणून निघण्यापूर्वी इंदूरच्या डॉक्टरांनी ट्रेडमिलवर चालवून बघितलं आणि एकच बजावलं. नाडीवर जाऊ नका, श्वासावर जा. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटायला लागलं की थांबा. हिवाळाभर पहाटे रामबागेतून राजवाड्यावरून पंढरीनाथाच्या देवळापर्यंत आणि परत असं चालताना मी हे घोकलं. वारीत तर मोजमाप आयतंच मिळालं. पुढच्यांनी म्हटलेला चरण मागच्या फळीने उचलायचा असतो. माझ्याकडून चरण उचलला गेला नाही की मी टाळ गळ्यात सोडून रस्त्याच्या कडेला जायचे. घाटात चारदा-पाचदा गेले असेन. वर पोचले तेव्हा खाली वळून पाहिलं. पताकांची ती ओळ वळणावळणाने चढत होती आणि मला रडू आवरेना. माउली, तुम्ही मला इथवर आणलंत.

त्याच रात्री सासवडला भांडण झालं. दुसऱ्या दिंडीतल्या काही मंडळींनी आमच्या राहुटीत सामान पसरलं होतं. टँकरचं पाणी संपलेलं, भोंग्यावर कुणीतरी हरवलेल्यांची नावं पुकारत होतं, आणि आमच्यातल्या एका ऐंशीच्या आजींना टेकायला जागा नव्हती. मी आवाज चढवला. बसूनच बोलत होते, एक पाऊलही हललं नव्हतं. जबड्यापासून डाव्या खांद्यापर्यंत जड काहीतरी उतरलं. सगळा घाट चढताना जे झालं नाही, ते सतरंजीवर बसून झालं.

निरोगी रोहिणी ताणाच्या वेळी रुंदावते. आतलं अस्तर बिघडलेली रोहिणी त्याच हाकेला आकसते. म्हणून हृदयविकाराच्या माणसाला मनाच्या ताणाने रक्तपुरवठा तुटतो, तो चालण्याच्या श्रमापेक्षा कमी नाडीवर तुटू शकतो, आणि पुष्कळदा दुखतसुद्धा नाही. माझं दुखलं हे नशीब समजते. बसल्या बसल्या जिभेखाली रोहिणी रुंदावणारी वेगळी गोळी ठेवली (उभ्याने घेऊ नये, प्रेशर पडून माणूस कोसळतो) आणि घड्याळाकडे पाहत राहिले. पाच मिनिटांच्या आत उतरलं. न उतरतं तर थेट दवाखाना, हे सुदामानगरच्या पोरीला आधीच सांगून ठेवलं होतं. तरी वैद्यकीय शिबिरात जाऊन ईसीजी काढला, इंदूरला डॉक्टरांना फोन केला. सासवडहून पुढचा टप्पा ट्रकमध्ये बसून करण्याची त्यांची आज्ञा झाली. जेजुरीचा गड ट्रकच्या फळीआडून पाहिला.

वाल्हे, नीरास्नान, लोणंद. कुठल्या दिवशी कुठे पाऊस आला ते आता सांगता येत नाही. चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात अश्व गेला तेव्हा गर्दीत मला फक्त धूळ आणि पायांच्या टापा मिळाल्या. त्या दुपारी मला त्यापेक्षा जास्त नको होतं.

फलटण सोडल्यावरची दुपार मात्र मिनिटामिनिटाने आठवते. डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड. सावली नाही. पायाखालचं डांबर भाजत होतं. सकाळपासून मी तांब्याभरसुद्धा पाणी प्यायले नव्हते. तहानच लागली नव्हती. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते, हे वर्गात कित्येकदा शिकवलेलं. घामही कमी सुटतो, त्वचेकडे रक्त जायला उशीर होतो, उष्णता आत साठत राहते. रस्त्याकडेला उभ्या ट्रॅक्टरच्या सावलीत बसले. थोड्या वेळाने दिंडी पुढे जाईल म्हणून झटकन उठले आणि समोरचा रस्ता काळा झाला.

कुणीतरी मागून काखेत हात घालून मला खाली बसवलं. हिंगोलीकडची बाई, पन्नाशीची असेल, कपाळभर बुक्का. "उठायची घाई करू नका माय. आधी बसल्या जागी टाचा हालवा." तिची सासू अशीच पहाटे खाटेवरून उठताना पडली होती, खुब्याचं हाड मोडलं, परत चाललीच नाही. तेव्हापासून ती घरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना आधी पाय हलवायला लावते. ती माझा पाय मांडीवर घेऊन बोलत होती आणि मला आतली सगळी यंत्रणा डोळ्यांसमोर दिसत होती. बसल्यावर रक्त पायांत साचतं. उठताक्षणी मानेच्या रोहिणीतले दाबमापक मेंदूला कळवतात आणि हृदय ठोके वाढवतं. म्हातारपणी हा निरोप सुस्तावतो. माझ्या बाबतीत निरोप पोचला तरी गोळी ठोके वाढू देत नाही, आणि त्यात अंगातलं पाणी आटलेलं. पोटऱ्या हलवल्या की स्नायू रक्त वर ढकलतात. तिने हे सासूच्या मोडलेल्या हाडावरून ओळखलं होतं.

तिने सुई काडीवर तापवली. मी पिशवीतून डेटॉल काढलं, तिने पदराच्या गाठीतून हळद. फोडातून दोरा ओवून तो आतच ठेवायचा तिचा बेत होता. आत दोरा राहिला तर जखम चिघळेल म्हणून मी हट्टाने काढायला लावला. तिला ते पटलं नाही, पण तिने काढला. मग स्वतःच्या लुगड्याची चिंधी फाडून टाचेला बांधली. आपल्या कॅनमधलं ताक मला पाजलं, एक पेला, मग थांबून दुसरा. तिची दिंडी केव्हाच पुढे गेली होती. "जाईल कुठं? वाखरीला गाठीन," म्हणाली. तासभर ती माझ्यापाशी बसून होती. निघताना मी तिच्या पाया पडले, ती माझ्या पडली, आणि नाव विचारायचं राहून गेलं.

पाणी न पिण्याचं दुसरं कारण तिनेच उघड बोलून दाखवलं. "आडोसा नाही म्हणून बाया पाणीच पीत नाहीत." अगदी खरं आहे. आमच्या दिंडीतल्या साठीपुढच्या जवळजवळ सगळ्या बायका सकाळची लघवीची गोळी चुकवत होत्या आणि तांब्याला तोंड लावत नव्हत्या. माउली सांभाळते, हे दिंडीचालक म्हणतात ते मी मनापासून मानते. पण आटलेल्या अंगाने उन्हात चालणारं आजारी हृदय आपणही सांभाळायला हवं.

वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. भांडणानंतर मी रात्री नीट झोपले नव्हते. ताणाने चढलेलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक या वयात लवकर उतरत नाही, बायकांत तर जास्तच रेंगाळतं. चालण्याने मात्र झोप आली. भजनाचा चरण लांबवताना श्वास सावकाश बाहेर पडतो, तेव्हा व्हेगस मज्जातंतू हृदयाला मंद करतो. १९२१ साली औषधशास्त्रज्ञ ओटो लोवी यांनी बेडकाच्या दोन हृदयांवर हाच मज्जातंतू पारखला होता. मला हे ठाऊक आहे, आणि टाळ हातात असताना यातलं काहीही आठवत नाही. तिथे फक्त नाम असतं.

पंढरीत दर्शनबारीला उभी राहिले नाही. तासन्‌तास एका जागी उभं राहणं मला झेपणार नाही, हे फलटणच्या रस्त्यावर कळलं होतं. नामदेव पायरीशी डोकं टेकलं, कळसाला हात जोडले.

इंदूरला परतल्यावर दिंडीच्या बैठकीत मी दोन गोष्टी मागितल्या. साठीपुढच्यांची वेगळी, सावकाश चालणारी मागची फळी, आणि बायकांसाठी ट्रकवर चढवता येईल असा फिरता संडास. मागची फळी लगेच मान्य झाली. संडासाच्या खर्चावरून चालक अजून कां-कूं करत आहेत. मी पेन्शनीतून पहिली वर्गणी त्यांच्यासमोर ठेवली आहे आणि रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर अशी घरं धरून फिरते आहे.