तुम्ही विचारलेत म्हणून: गल्लीत कॅमेरे किती?

आमच्या नागरिक संघाचे नाव कुठे निघाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘तुमच्याकडे कॅमेरे किती बसवलेत, आणि चोऱ्या कमी झाल्या का?’ विचारणारे बहुतेक जण स्वतःच्या वसाहतीत असेच काही सुरू करण्याच्या विचारात असतात, म्हणून त्यांची दोन वाक्यांत बोळवण करणे मला बरोबर वाटत नाही. कॅमेरे आमच्याकडेही आहेत. परंतु मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या आमच्या गल्लीतून रात्री अकरा वाजताही एकटी मुलगी निर्धास्त चालत घरी येते, यात कॅमेऱ्यांचा वाटा सर्वांत लहान आहे. मोठा वाटा आहे तो नियमाने लागणाऱ्या दिव्यांचा, एकमेकांना नावाने ओळखणाऱ्या रहिवाशांचा आणि हाती घेतलेली तक्रार निकाली निघेपर्यंत न सोडणाऱ्या मोजक्या माणसांच्या चिकाटीचा.

मुंबईत अशा कामासाठी एक चौकट आधीपासून आहे. घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात गल्लीतला कचरा वेगळा करण्याचे आणि गल्ली स्वच्छ ठेवण्याचे काम स्वतःच्या अंगावर घेतले आणि १९९७ च्या सुमारास महापालिकेने तीच पद्धत ‘ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट’ या नावाने शहरभर स्वीकारली. सगळे तिला एएलएम म्हणतात. एका गल्लीतले रहिवासी एकत्र येतात, विभाग कार्यालयात आपल्या गटाची नोंद करतात आणि पालिकेच्या अधिकाऱ्याशी थेट संपर्क ठेवतात. आमचा संघही याच वाटेने आला. त्यात सुरक्षिततेचा विषय पुढे आपसूक शिरला, कारण ओला आणि सुका कचरा वेगळा होतो आहे की नाही हे पाहायला घरोघर जाणाऱ्या माणसांना कोणत्या मजल्यावर कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाची मुले परदेशात आहेत आणि कोणत्या घराचे दार दिवसभर बंद असते, हे सारे कळत जाते.

सभासद कोण, हा प्रश्न मात्र आम्ही सुरुवातीलाच मिटवला आणि त्याविषयी मी आग्रही आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सभासद असतो तो सदनिकेचा मालक. तिथे भाडेकरूला मत नसते, आणि शेजारच्या चाळीतल्या माणसाचा तर संबंधच येत नाही. संघात भाडेकरू, चाळकरी, वाणी, इस्त्रीवाला, रिक्षा थांब्यावरचे चालक हे सगळे सारख्याच हक्काने बसतात. रखवालदार आणि घरकाम करणाऱ्या बायकांनाही सभेला आवर्जून बोलावले जाते, आणि त्यांच्या कामाच्या वेळा पाहून सभेची वेळ ठरते. गल्लीत पहाटे पाचला आणि रात्री बाराला काय चालते हे त्यांना ठाऊक असते. आम्ही त्या वेळी झोपलेले असतो. काही सोसायट्यांमध्ये कामवाल्या बाईंकडे आधी संशयाने पाहिले जाते आणि मग त्यांच्याचकडून सावधगिरीची अपेक्षा केली जाते, हे मला अन्यायाचे वाटते.

आता दिव्यांकडे येतो, कारण आमचे निम्मे काम तेच आहे. दर महिन्यात एका रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही काही जण संपूर्ण गल्ली पायी फिरतो आणि बंद दिव्यांची यादी करतो. खांबावर क्रमांक रंगवलेला असतो, तो उतरवून घेतो. ‘आमच्या भागात फार अंधार असतो’ अशी तक्रार केली की ती कोणाच्याच टेबलावर जात नाही. ‘अमुक क्रमांकाच्या खांबावरचा दिवा अमुक तारखेपासून बंद आहे’ अशी केली की तिला उत्तर द्यावे लागते. त्यातही मुंबईत दिवा कोणाचा हे आधी शोधावे लागते. दक्षिणेकडच्या शहर भागात बेस्ट, मुलुंड आणि भांडुपकडे महावितरण, उरलेल्या उपनगरांत बहुतांश अदानी, अशी वीजपुरवठ्याची वाटणी आहे, आणि रस्ता पालिकेचा असला तरी खांबाची देखभाल करणारे हात वेगळे असू शकतात. त्यातून पुष्कळदा दिवा चालू असतो, पण झाडाच्या फांद्यांत बुडालेला असतो. तेव्हा तक्रार उद्यान विभागाकडे न्यावी लागते, आणि झाड एखाद्या सोसायटीच्या आवारातले असेल तर छाटणीसाठी त्या सोसायटीला परवानगी काढायला सांगावे लागते. आमच्या गल्लीत पर्जन्यवृक्ष आहेत; ते तोडण्याची मागणी एकदा सभेत आली होती आणि सभेने ती एकमुखाने फेटाळली. फांदी छाटली, दिवा थोडा खाली आणला, झाड राहिले.

एका कोपऱ्याचा मात्र फार दिवस निकाल लागेना. स्थानकाकडे जाणारी वाट तिथे वळते, आणि नेमका तोच खांब आपल्या हद्दीत नाही असे दोन कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवून सांगत होती. पत्रे दोन्हीकडे जात होती आणि दोन्हीकडून उत्तरेही येत होती. अखेर आम्ही दोन्ही कार्यालयांकडे संयुक्त पाहणीची मागणी केली, म्हणजे दोघांच्या अधिकाऱ्यांनी एकाच वेळी, एकाच जागी, रहिवाशांसमोर उभे राहून हद्द ठरवायची. पाहणी झाली, जागेवर पंचनाम्यासारखे टिपण झाले, आणि पुढच्या काही आठवड्यांत दिवा लागला. रात्रपाळी करून येणाऱ्या परिचारिकांचा जाण्यायेण्याचा रस्ताच त्यामुळे बदलला. तोवर त्या लांबच्या मुख्य रस्त्याने वळसा घालून येत असत.

सुरक्षितता म्हणजे केवळ चोरापासून संरक्षण, असे मानणाऱ्यांना मी २९ ऑगस्ट २०१७ ची आठवण करून देतो. त्या दिवशीच्या अतिवृष्टीत मुंबईतले एक नामवंत डॉक्टर पाणी भरलेल्या रस्त्यावरून चालत घरी जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि गेले. पुढे पालिकेने मॅनहोलच्या झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसवायला सुरुवात केली. आमच्या यादीत म्हणूनच दिव्यांच्या शेजारी झाकणांचाही रकाना आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ती यादी आधी जाते. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ मुंबईत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. नगरसेवकाच्या दारात उभे राहण्याची सवय असलेल्या अनेक वसाहती त्या काळात गोंधळून गेल्या. ज्यांच्याकडे स्वतःची यादी, स्वतःची पत्रे आणि पोचपावत्यांची फाइल होती, त्यांचे काम बरेचसे चालू राहिले.

पोलिसांशी संबंध कसे असावेत, हेही पुष्कळ जण विचारतात. त्यावर मी भिवंडीचे उदाहरण देतो. १९७० आणि १९८४ या दोन्ही वर्षी भिवंडी दंगलींत होरपळली होती. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी शहरभर सत्तर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रतिष्ठितांच्या शांतता समित्या त्याआधीही होत्या. खोपडे यांनी हिंदू आणि मुस्लिम या दोन्ही समाजांतली सामान्य माणसे घेतली आणि त्यांच्यासोबत त्या मोहल्ल्याचा पोलीस बसवला. भांडण पाण्याचे असो की नळाचे, गटाराचे असो की लाउडस्पीकरचे, ते तिथेच बोलले जाऊ लागले. डिसेंबर १९९२ मध्ये आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा, की समितीची बैठक संकट नसतानाही नियमाने होत असे. दंगल झाल्यावर एकमेकांची ओळख करून घेता येत नाही.

आमच्या बीटचे हवालदार म्हणूनच दर महिन्याच्या सभेला येतात, आणि त्या दिवशी सांगण्यासारखे काही नसले तरी येतात. त्यामुळे एक साधा फरक पडला आहे: लोक तक्रार नोंदवू लागले आहेत. गळ्यातली साखळी गेली तरी ‘पोलीस ठाण्याची पायरी नको’ म्हणून गप्प बसणाऱ्या घरांत आता संघाचे कोणीतरी सोबत जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून चोरी करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात त्याची माहिती देता येते. घाबरलेल्या माणसाला या गोष्टी त्या क्षणी आठवत नाहीत. शेजाऱ्याला आठवल्या तरी पुरे. याच कारणाने चोऱ्यांचा आकडा देऊन मी कोणाची खात्री पटवीत नाही. नोंद वाढली की कागदावर गुन्हे वाढलेले दिसतात, आणि भीतीने सगळे गप्प बसले की गल्ली निष्कलंक ठरते.

यापुढचे मी सर्वांत गंभीरपणे सांगतो. गस्त आणि जागरूकता यांच्या नावाखाली जमाव तयार होऊ शकतो, आणि महाराष्ट्राने ते पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ती माणसे मंगळवेढ्याकडून भिक्षुकीसाठी आली होती. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवांच्या दिवसांत मारले गेले. दोन्ही ठिकाणी मारणाऱ्यांना आपण गावाचे रक्षण करीत आहोत असेच वाटत असणार, आणि म्हणूनच कोणताही सुरक्षा गट स्थापन करणाऱ्याने या दोन घटना पहिल्या दिवशी सभेत सांगाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या संघाचे नियम त्यातूनच आले. अनोळखी माणसाचा फोटो व्हॉट्सॲप गटावर टाकायचा नाही. ‘संशयित’ हा शब्द वापरायचा नाही. काय पाहिले तेवढेच लिहायचे. धोका वाटला तर ११२ वर फोन करायचा, आणि मगच गटाला कळवायचे. कायद्याने सामान्य नागरिकालाही पकडण्याचा अधिकार दिला आहे, पण तो केवळ आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याच्या किंवा फरारी घोषित झालेल्या गुन्हेगाराच्या बाबतीत. आणि त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. मारहाणीचा अधिकार कोणालाही नाही. भंगारवाला, बहुरूपी, नंदीबैलवाला, कुरिअरचा नवा मुलगा हे सगळे आमच्या गल्लीत येतात आणि यायला हवेत. दारोदार फिरून पोट भरणाऱ्याला आमच्या गल्लीची भीती वाटू लागली, तर तिला सुरक्षित म्हणायला मी तयार नाही.

कॅमेऱ्यांविषयी थोडक्यात. ते घटना नोंदवतात. रोखतातच असे नाही. वळणावर उजेड नसेल तर साध्या कॅमेऱ्यात चेहरा उमटत नाही, आणि चित्रण काही आठवड्यांनी आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे चढते, हे पुष्कळांना घटना घडल्यावर कळते. आमच्याकडे चित्रण पाहण्याचा अधिकार ठरावाने ठरलेल्या दोघांनाच आहे आणि ते बाहेर जाते ते पोलिसांनी लेखी मागितल्यावरच. कोणाची मुलगी कोणासोबत घरी आली हे पाहण्यासाठी ते नाहीत.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी मात्र आता दारापेक्षा फोन अधिक धोक्याचा झाला आहे. पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ केल्याचे सांगायचे, तासन्‌तास कॉल चालू ठेवायला लावायचा आणि आयुष्याची ठेव वळती करून घ्यायची, ही लबाडी आता सर्वांना माहीत आहे. तरी माणसे फसतात, कारण त्या घडीला त्यांच्याजवळ विचारायला कोणी नसते. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. आमच्या गल्लीत प्रत्येक एकट्या वृद्धाला जवळच्या दोन घरांची जोड दिलेली आहे, आणि पैशाचा विषय निघालेला कोणताही फोन आला की पैसे पाठवण्याआधी त्यांतल्या एका घराचे दार वाजवायचे, असे त्यांच्याकडून वचन घेतले आहे. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच कळवायचे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. हे काम प्रामुख्याने आमच्या महिला सभासद पाहतात आणि फार उत्तम पाहतात.

‘आमच्याकडे लोक येतच नाहीत’ ही तक्रार मी सर्वाधिक ऐकतो. माझा सल्ला असा, की वर्गणी, संघाची नियमावली, पदाधिकारी, कॅमेऱ्यांची दरपत्रके यांपैकी काहीही पहिल्या सभेत काढू नये. त्यावर वाद होतात आणि दुसरी सभा होत नाही. सभा इमारतीच्या वाहनतळात किंवा गल्लीतल्या मंदिराच्या ओसरीवर न घेता, सर्व धर्मांच्या आणि सर्व घरांच्या माणसांना संकोच वाटणार नाही अशा जागी घ्यावी. पालिकेच्या शाळेचा वर्ग रीतसर अर्ज करून मागून पाहावा. पाचच माणसे आली तरी त्या पाच जणांनी त्याच रात्री गल्ली फिरून बंद दिव्यांची आणि फुटक्या झाकणांची यादी करावी, दुसऱ्या दिवशी ती विभाग कार्यालयात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नये. त्यांतला पहिला दिवा लागला की त्या खांबासमोर राहणाऱ्या घरांना पुढच्या सभेचे निमंत्रण स्वतः जाऊन द्यावे.