आमची वाटचाल : मागावरून छताला

येवल्यात आमच्या घरी तीन पिढ्या पैठणीचे माग. मी सून म्हणून आले आणि विणायला सासऱ्यांकडून, नानांकडून शिकले. साडी उतरली की मागावर हातभर ताणा, म्हणजे उभे धागे, उरायचा. त्यावर मी उरल्यासुरल्या कांड्यांवरच्या धाग्यांचे रंग भरायची. मोर नाही, मुनिया पोपट नाही, असावलीची वेल नाही, नुसते रंग. नाना म्हणाले, "अगं, यात नक्षी कुठंय?" पण तो तुकडा खिळ्याला टांगला त्यांनीच. २०१४ साली त्यातलाच एक विकला गेला आणि असे टांगायचे पट विणण्याचा धंदा सुरू झाला.

पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. रंग बदलतो तिथे बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे एकमेकांत अडकून माघारी फिरतात, पाठीमागे काही लोंबत नाही. म्हणून आमचे पट छतापासून मोकळे टांगतात.

सोनं नंतर आलं. पूर्वीची जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. आता ती परवडत नाही. कोलंबियाच्या विणकर-कलाकार ओल्गा दे आमाराल अनेक दशकं सुती विणीवर सोन्याचा वर्ख लावत आल्या आहेत. त्यांच्या कामाचे फोटो पाहिले आणि वाटलं, जर नाही तर वर्ख.

पहिला मोठा पट गुंडाळून पुण्याला पाठवला. वर्खाखालचा खडू-सरसाचा थर जाड झाला होता. गिऱ्हाइकाने उलगडला तेव्हा थराला चिरा आणि सतरंजीवर सोनेरी कोंडा. सगळे पैसे परत केले. ते वर्ष फार जड गेलं. आता थर पातळ देतो आणि पट सपाट पेटीतच जातो.

वर्ख लावताना पंखा बंद, दार बंद, बोलणं बंद. मऊ, रुंद ब्रश आधी गालावरून फिरवायचा. त्या जराशा तेलकटपणाला वर्ख चिकटून उचलला जातो. विणीच्या उंचवट्यावर तो बसतो, खाचेत तुटतो आणि तिथून खालचं रेशीम दिसतं. ती तूट मी भरत नाही, कारण वीणच झाकली तर विणायचं कशाला? वर्ख एकाच बाजूला. दुसरी बाजू विणकराची.

आज आम्ही पाच जणी आहोत. एका पटाला महिना जातो, आणि मजुरी पैठणीच्या मजुरीपेक्षा कमी द्यायची नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं.

पट मागावरून उतरला की नाना आधी तो पालथा करतात. डोळे मिटून पाठीवरून बोटं फिरवतात. एखादा धागा बोटाला लागला तर म्हणतात, "एवढं उसव."