ट्रायलचे स्कॅन वाचायला शिकताना

रेडिओलॉजिस्ट म्हणून पंधरा वर्षं रोज रिपोर्ट लिहिल्यानंतर कॅन्सरच्या एका नव्या औषधाच्या ट्रायलसाठी मला सेंट्रल रीडर म्हणून, म्हणजे वेगवेगळ्या केंद्रांवरून आलेले स्कॅन वाचून मोजण्यासाठी, बोलावणं आलं. खरे स्कॅन हातात देण्याआधी सरावाच्या केसेस सोडवून घेतात. त्यातल्या चौथ्या केसमध्ये मी चुकले.

त्या पेशंटच्या निवडलेल्या गाठींच्या मापांची बेरीज सुरुवातीला ११० मिमी होती. उपचार सुरू झाल्यावर ती उतरत उतरत ६० पर्यंत आली आणि पुढच्या स्कॅनमध्ये ७३ भरली. मी ११० शी तुलना केली, घट तीस टक्क्यांहून जास्त दिसली आणि प्रतिसाद टिकून असल्याची नोंद केली. बरोबर उत्तर होतं : आजार वाढला. वाढ मोजायची ती आतापर्यंतच्या सगळ्यात कमी बेरजेपासून. ६० चे ७३ म्हणजे वीस टक्क्यांच्या वर, आणि प्रत्यक्ष वाढही ५ मिमीपेक्षा जास्त. दोन्ही अटी पूर्ण. हा नियम मला पाठ होता, तरी हात जुन्या सवयीने चालला. प्रशिक्षण देणारे सर शांतपणे म्हणाले, “मॅडम, फॉर्म उघडला की आधी सगळ्यात कमी बेरीज बघा, मग स्कॅन उघडा.” अजूनही मी तसंच करते.

हे नियम म्हणजे रेसिस्ट (RECIST), उपचाराने गाठी कमी झाल्या की वाढल्या हे ठरवायची ठरलेली पद्धत. २००० साली आले, २००९ मध्ये सुधारून १.१ झाले, आणि घन गाठींच्या कॅन्सरच्या बहुतेक ट्रायल्स आजही त्यांवरच चालतात. रोजच्या रिपोर्टमध्ये “गाठ किंचित कमी झालेली दिसते” एवढं लिहिलं तरी पेशंटच्या डॉक्टरांना पुरतं, काही अडलं तर ते फोन करून विचारतात. ट्रायलमध्ये “किंचित”ला जागाच नाही. बेरीज ११० वरून ७७ वर आली की आंशिक प्रतिसाद, ७८ वर थांबली की आजार स्थिर. धूसर कडेच्या गाठीवर कर्सर कुठे सोडला यावर हा एक मिलिमीटर ठरतो, आणि अशा शेकडो मिलिमीटरांवर औषध लागू पडतं की नाही याचा निर्णय उभा राहतो. हे लक्षात आलं त्या दिवसापासून माझा मोजण्याचा वेग निम्म्यावर आला.

खरी मेहनत पहिल्या स्कॅनवर, म्हणजे बेसलाइनवर. एकूण जास्तीत जास्त पाच गाठी निवडायच्या, एका अवयवातल्या दोनच. गाठ लांबीला किमान १० मिमी हवी. लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) असेल तर त्याचा आखूड व्यास घ्यायचा आणि तो किमान १५ मिमी हवा. एकदा निवडलेल्या गाठी शेवटपर्यंत त्याच. सुरुवातीला मी सरळ सगळ्यात मोठ्या गाठी उचलायचे. एका केसमध्ये यकृताच्या वरच्या टोकाला, डायफ्रॅमला, म्हणजे श्वासाच्या पडद्याला लागून मोठी गाठ होती. पेशंटने श्वास थोडा कमी-जास्त धरला की प्रत्येक स्कॅनमध्ये तिचा आकार निराळा दिसायचा. खालच्या भागातली तिच्यापेक्षा लहान गाठ मात्र दर वेळी कडेसकट स्वच्छ दिसत होती. तीच घ्यायला हवी होती. पुढच्या आठ स्कॅनमध्ये तसंच पुन्हा मोजता येईल का, हे निवडतानाच पाहावं लागतं.

माझ्यासमोर येणाऱ्या स्कॅनवर नाव नसतं, हॉस्पिटल नसतं. कोणाला नवं औषध मिळतंय, कोणाला नेहमीचा उपचार, तेही कळत नाही. स्कॅन एकेक करून उघडतात. आधीचा वाचून लॉक केल्याशिवाय पुढचा दिसत नाही. हे बंधन मला आधी जाचक वाटलं. मग स्ट्रेप्टोमायसिनची १९४८ साली प्रसिद्ध झालेली ब्रिटिश चाचणी पुन्हा वाचली. विद्यार्थी असताना ती आम्हाला रँडमायझेशनसाठी, म्हणजे कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवण्यासाठी, शिकवली होती. क्षयाचे १०७ पेशंट होते, आणि त्यांचे एक्स-रे दोन रेडिओलॉजिस्ट आणि एक क्लिनिशियन (पेशंट तपासणारे डॉक्टर) यांनी वेगवेगळे वाचले, कोणाला औषध मिळालंय हे ठाऊक नसताना. सहा महिन्यांनी औषध मिळालेल्या ५५ पैकी २८ जणांच्या एक्स-रेमध्ये मोठी सुधारणा दिसली, नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ पैकी चौघांच्या. या आकड्यांवर विश्वास बसतो तो वाचणाऱ्यांना काही माहीत नव्हतं म्हणून.

आमच्या ट्रायलमध्ये प्रत्येक केस दोघं जण वेगवेगळी वाचतात. निष्कर्ष जुळला नाही तर तिसरा रीडर ठरवतो. एका केसमध्ये मी आजार स्थिर म्हटलं, दुसऱ्या रीडरने फुप्फुसात नवी गाठ दाखवली. नवी गाठ म्हणजे थेट आजार वाढला, बेरीज काहीही असो. त्याचंच बरोबर होतं. शिरेच्या शेजारचा तो ठिपका मी शिरेचाच भाग समजले होते. आता फुप्फुस वरून खाली आणि खालून वर असं दोनदा पाहते, आणि ठिपका शिरेला जोडलेला आहे का ते दुसऱ्या प्रतलात तपासते.

आपल्या चुकीपेक्षा जास्त जिव्हारी लागला तो एक स्कॅन. काँट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेतून टोचायचं औषध, दिल्यावर साधारण ७० सेकंदांनी यकृत उजळतं, प्रोटोकॉलमध्ये तीच वेळ मागितली होती. एका केंद्रावरून आलेला स्कॅन फार लवकर घेतलेला होता आणि यकृताचा खालचा भाग त्यात आलाच नव्हता. निवडलेली गाठ नेमकी तिथे. आम्ही शंका पाठवली, दुसरी सीरीज, म्हणजे त्याच वेळी काढलेला चित्रांचा दुसरा संच, आहे का विचारलं. नव्हती. निष्कर्षाच्या जागी “मूल्यमापन शक्य नाही” असं भरावं लागलं. त्या माणसाने सुई टोचून घेतली होती, रेडिएशन घेतलं होतं, श्वास धरला होता, आणि त्या भेटीचं त्याचं माप ट्रायलच्या हिशेबात आलंच नाही. पुन्हा स्कॅन काढा असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. ते योग्यही नाही.

त्यानंतर आमच्या हॉस्पिटलमध्ये ट्रायलचा पेशंट असला की मी कन्सोलजवळ जाऊन टेक्निशियनसोबत मागचा स्कॅन उघडते. स्लाइसची तीच जाडी, तीच वेळ, तोच भाग हे जुळवून घेते आणि पेशंट टेबलवरून उतरायच्या आत यकृताचं खालचं टोक दिसतंय ना ते बघते. दोन मिनिटं लागतात. रोजच्या रिपोर्टमध्येही आता गाठीच्या मापापुढे सीरीज आणि इमेज नंबर लिहिते, म्हणजे पुढचा रेडिओलॉजिस्ट कर्सर तिथेच ठेवू शकेल.