नवोदयची सहावी: गुण जातात कुठे?

गेवराईजवळचं गढी, तुळजापूर, शंकरनगर, वसमत, कन्नड. मराठवाड्यातल्या पालकांना नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळांची, ही गावं पाठ असतात, सहावीच्या प्रवेश परीक्षेचा आराखडा मात्र नसतो. 80 प्रश्न, 100 गुण, 2 तास. मानसिक क्षमतेचे, म्हणजे आकृत्यांचे, 40 प्रश्न 50 गुणांचे. गणित आणि भाषा प्रत्येकी 20 प्रश्न, 25 गुण. तरी शिकवण्यांमध्ये गणितच दळत बसतात. निम्मे गुण आकृत्यांना आहेत! वेगळी आकृती, आरशातली प्रतिमा, घडी घालून कापलेला कागद. यासाठी गाईड कमी आणि खरा कागद, कात्री, आरसा जास्त वापरा. मूल स्वतः घडी घालून छिद्र पाडतं, तेव्हाच कागद उघडल्यावर छिद्रं कुठे येणार ते त्याला कळतं.

चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. उत्तरपत्रिकेवरचा उत्तराचा गोळा बॉलपेननेच रंगवायचा, खाडाखोड चालत नाही. एक प्रश्न सोडून पुढे गेलं की पुढचे सगळे गोळे एक घर सरकतात. हुशार मुलंही इथेच फसतात. दर पाच प्रश्नांनंतर क्रमांक जुळवायची सवय लावा.

किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्याच शाळेत झालेली हवी. मध्ये एक दिवस जरी शहरी शाळेत नाव असलं तरी मूल शहरी धरतात. ऊसतोडीमुळे शाळा बदलली असेल तर नोंदी आधीच तपासा. परीक्षा एकदाच देता येते.