ऊसतोडीआधी ट्रॉलीचे हब उघडले

पावसाळाभर आमची ट्रॉली ओढ्यातून, चिखलातून चालते. हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, तापलेला असताना चाक पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलच्या (ग्रीस आत राखणाऱ्या कडीच्या) फटीतून पाणी आत ओढलं जातं. म्हणून ऊसतोड सुरू व्हायच्या आत चारही हब उघडायचे ठरवलं. हबच्या निपलला (ग्रीस भरायच्या तोटीला) पंप लावून चार ठोके मारले की झालं ग्रीसिंग, असं आमच्या हवेली तालुक्यात पुष्कळजण मानतात. मला ते पटत नाही. जुन्या घाणीवर नवं ग्रीस चढतं, जास्त दाबलं तर सील बाहेर येतं आणि आतलं बेअरिंग कसं आहे ते कळतच नाही.

बाकीच्या चाकांना दगड लावले, जॅकवर घेऊन आसाखाली लाकडी ठोकळा दिला. चाक वर-खाली हलवल्यावर खेळ (ढिलेपणा) लागला, फिरवल्यावर खरखर. हबची टोपी काढली तर ग्रीस दुधाळ कॉफीच्या रंगाचं, म्हणजे पाणी शिरलेलं होतं. डिझेलमध्ये धुऊन पुसल्यावर बाहेरच्या बेअरिंगच्या रोलरवर बारीक खड्डे दिसले. बेअरिंग धुतल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, हवेनं वाळवू का?" मी नको म्हटलं. हवेच्या झोतानं कोरडं बेअरिंग गरागरा फिरतं आणि रोलर उडूही शकतात.

बेअरिंगवरचा नंबर पुसून वाचला, ३०२०८, आणि पुण्यातली नाना पेठ गाठली. दुकानदारानं आधी ३२२०८ पुढे ठेवलं. दोन्हींचं भोक ४० मिलिमीटरच (शेवटचे ०८ गुणिले ५), पण ३२२०८ रुंदीला जास्त, आमच्या हबला चालणारं नव्हतं. कोन (रोलर असलेली आतली कडी) आणि कप (ते रोलर ज्यात फिरतात ती बाहेरची कडी) जोडीनंच घेतले. झिजलेल्या कपात नवा कोन घातला तर तोही लवकर जातो. नवं सील आणि नट फिरू नये म्हणून घालायच्या नव्या स्प्लिट पिनाही घेतल्या.

ग्रीस लिथियमचं. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहायची, दुसऱ्या बाजूनं रोलरांमधून ग्रीस बाहेर येईपर्यंत. हब मात्र गच्च भरायचा नाही. जागा ठेवली नाही तर ग्रीस घुसळून तापतं.

खरं कसब बेअरिंग दाबून धरणाऱ्या, आसाच्या टोकाच्या नटाचं. चाक फिरवत नट आवळला, म्हणजे रोलर कपात नीट बसतात, मग सैल करून बोटांनीच परत टेकवला. स्प्लिट पिनेचं भोक जुळेना म्हणून आणखी आवळायचा मोह होतो, पण अशा टेपर (निमुळत्या रोलरच्या) बेअरिंगला किंचित खेळ लागतोच, नाहीतर ते तापून निळं पडतं. भोक जुळेपर्यंत थोडा मागेच घेतला, नवी पिन घालून टोकं वाकवली.

रिकामी ट्रॉली सासवड रस्त्यानं थोडी फिरवली आणि लगेच चारही हबला हात लावून पाहिला. सगळे सारखेच कोमट. पहिली उसाची खेप टाकून आल्यावर चाकं पुन्हा उचलून खेळ तपासणार आहे, कारण नवे कप भार पडल्यावर थोडे बसतात.