पेगपासून चेनव्हीलपर्यंत: भोसरीतील आमची वाटचाल

आमचा कारखाना पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत आहे. वडिलांनी तो दोन लेथवर सुरू केला आणि या परिसरातील असंख्य लहान शेडप्रमाणे आमचेही पोट वाहन उद्योगाच्या जॉबवर्कवरच भरत आले. बुश, पिना, स्पेसर, असा सगळा गोल माल. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचे, कच्चा माल बहुतेक वेळा गिऱ्हाइकाचा, दर त्यानेच ठरवलेला आणि पेमेंटची तारीखही त्याच्याच सोयीची. आज त्याच शेडच्या एका बाजूला बीएमएक्स सायकलचे सुटे भाग तयार होतात. त्यांची ड्रॉइंग आम्ही काढतो, त्यांच्यावर शिक्का आमचा असतो आणि त्यांचा दरही आम्हीच ठरवतो. उलाढालीत या भागांचा वाटा अजून निम्म्यापर्यंत पोहोचलेला नाही. तरीही कारखान्याबद्दल कोणी विचारले, की आम्ही आधी याच बाजूविषयी सांगतो.

आपल्याकडे लहान मुलांची जाड टायरची कोणतीही सायकल दुकानदार बीएमएक्स म्हणून विकतात, त्यामुळे थोडा खुलासा आवश्यक आहे. वीस इंची चाके, एकच गिअर, उंच हँडल आणि उड्या सोसणारी मजबूत फ्रेम ही खऱ्या बीएमएक्सची ओळख. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियातील मुले मोटोक्रॉस मोटारसायकलींची नक्कल करत मातीच्या ट्रॅकवर लहान सायकली पळवू लागली आणि त्यातून हा खेळ उभा राहिला. त्यातील शर्यतीचा प्रकार २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये आला, तर कसरतींचा, म्हणजे फ्रीस्टाइलचा प्रकार २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये. आम्हाला मात्र खेळापेक्षा त्यामागच्या कारखान्यांचा इतिहास अधिक जवळचा वाटतो. पुढे हॅरो ही बीएमएक्स कंपनी उभी करणाऱ्या बॉब हॅरो यांनी सुरुवात केली ती हँडलसमोर लावायच्या नंबर प्लेट बनवण्यापासून. एस अँड एम ही कंपनी १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात सायकल चालवणाऱ्यांनीच काढली. फ्लोरिडातील प्रोफाइल रेसिंग तर मूळची मोटारींच्या शर्यतीसाठी भाग बनवणारी कंपनी, पण आज ती ओळखली जाते बीएमएक्सच्या क्रँकसाठी (पेडल ज्यांना जोडतात ते दांडे) आणि हबसाठी (चाकाचा मधला भाग). तेव्हा एखाद्या लेथवाल्याने या सायकलीकडे वळावे यात नवल काहीच नाही. जगातला बराचसा माल आता तैवानमध्ये तयार होतो आणि तिथल्या कारखान्यांशी किमतीत बरोबरी करण्याचा विचार आम्ही कधी मनात आणला नाही.

आमची सुरुवात पेगपासून झाली. पेग म्हणजे चाकाच्या एक्सलवर नटाने आवळलेली बोटभर लांबीची जाड नळी. चालवणारा उडी मारून ती कठड्यावर, लोखंडी रेलिंगवर किंवा पायरीच्या कडेवर टेकवतो आणि त्यावरून घसरत जातो. ते याला ग्राइंड म्हणतात. माझा पुतण्या हा खेळ खेळतो. त्याने परदेशातून मागवलेल्या पेगच्या जोडीवर कुरिअर आणि कस्टमचा खर्च चढून किंमत जवळजवळ दुप्पट झाली होती. झिजून एका बाजूने चपटा झालेला त्याचा एक पेग आमच्या जुन्या टर्नरच्या हाती पडला. कारखान्यात त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी व्हर्नियर लावला, नळीत बोट फिरवले आणि म्हणाले, "शेठ, हे तर आपल्या बुशचंच भावंड आहे. एक तोंड बंद ठेवायचं, एवढंच."

दिसायला तेवढेच होते. भोसरीत ईएन-१९ पोलादाचे बार कोणत्याही डीलरकडे मिळतात, म्हणून पहिले पेग आम्ही भरीव बारमधून कोरून काढले. अडतीस मिलीमीटरच्या बारला तीस मिलीमीटरचे भोक पाडले, की निम्म्याहून अधिक पोलाद बुरा होऊन भंगारात जाते, म्हणजे पैसे मोजायचे बारचे आणि विकायची नळी. नळी घेऊन तिला बूड वेल्ड करावे, तर ईएन-१९ मध्ये कार्बन चाळीस शतांश टक्क्यांच्या आसपास असतो आणि आधी तापवून घेतल्याशिवाय वेल्ड केल्यास सांध्याला तडा जाण्याची भीती राहते. बीएमएक्सच्या जगात सगळीकडे ४१३० क्रोमोली वापरतात त्याचे एक कारण हेच आहे. त्यात कार्बन तीस शतांश टक्क्यांच्या आसपास असतो, क्रोमियम आणि मॉलिब्डेनममुळे ताकद मिळते आणि वेल्डही समजूतदारपणे बसतो. ती सीमलेस नळी आम्हाला हव्या त्या मापात, आमच्याइतक्या थोड्या प्रमाणात देणारा विक्रेता मिळेपर्यंत बराच काळ गेला. शेवटी मुंबईच्या गुलालवाडीतून उरलेल्या तुकड्यांची सोय झाली आणि आजही आम्ही बऱ्याचदा तुकडेच घेतो.

आतले माप ठरवताना पोलादापेक्षा पान्याचा विचार अधिक करावा लागला. बीएमएक्सचा मागचा एक्सल चौदा मिलीमीटरचा असतो, आणि त्याचा नट पेगच्या पोटात बसतो. म्हणजे नळीतून सॉकेट, म्हणजे नट फिरवायचा नळीसारखा पाना, आत गेला पाहिजे. परदेशी चांगल्या सॉकेटची भिंत पातळ असते. आपल्याकडच्या सायकल दुकानात मिळणाऱ्या सॉकेटची भिंत जाड असते, आणि तो अरुंद पेगमध्ये अडकतो. आम्ही आतला व्यास वाढवला, त्यामुळे पेग थोडा जाडजूड दिसतो. त्यावरून तरुण मंडळी नाके मुरडतात, पण त्याच मुलांच्या गावातला सायकलवाला तो पेग खोलू शकतो, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते.

पोलादी पेगला प्लास्टिकची बाही असते, हे पुढचे उत्पादन. सोसायटीच्या संगमरवरी कट्ट्यावर लोखंड घासले की रखवालदार धावत येतो, आणि त्याचे चूक नसते. खडबडीत काँक्रीटवर तर लोखंड अडते, प्लास्टिक सरकते. आम्ही नायलॉन आणि यूएचएमडब्ल्यू पॉलिइथिलिन ही दोन्ही वापरून पाहिली. नायलॉन कडक असल्याने कडेला आपटल्यावर चिरते. पॉलिइथिलिन मऊ, घसरायला उत्तम, पण लेथवर त्याचा बुरा तुटतच नाही. लांबच लांब दोरा निघून चकभोवती गुंडाळतो, तो सोडवताना मामांचा जीव मेटाकुटीला येतो. ही बाही झिजण्यासाठीच असते आणि गिऱ्हाईक ती पुन्हा पुन्हा घेते. स्पष्टच सांगायचे तर या धंद्याचे भाडे आणि वीजबिल त्या पांढऱ्या बाहीतून निघते.

चेनव्हील, म्हणजे क्रँकवरची साखळी ओढणारी दातेरी चकती, जिला ही मुले स्प्रॉकेट म्हणतात, ते त्यानंतर आले. पूर्वी बीएमएक्सला पुढे ४४ आणि मागे १६ दाते असत. आता सर्रास पुढे २५ आणि मागे ९ असतात. गुणोत्तर दोन्हीकडे साधारण पावणेतीनच, त्यामुळे पायाला फरक जाणवत नाही. मात्र अर्धा इंच पिचच्या साखळीसाठी ४४ दात्यांच्या चकतीचा व्यास सुमारे १७८ मिलीमीटर होतो, तर २५ दात्यांचा जेमतेम १०१. कठड्यावर चढताना चकती मध्ये येत नाही आणि वजनही घटते, म्हणून हा बदल झाला. त्याची किंमत साखळी मोजते, कारण पायाचा जोर आणि क्रँकची लांबी तीच ठेवली, तर लहान चकतीमुळे साखळीवरचा ताण पावणेदोन पटींनी वाढतो आणि मागच्या नऊ दात्यांपैकी एका वेळी जेमतेम निम्मेच तो झेलतात. हे आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो. ज्याला कठड्यावर चढायचेच नाही, जो फक्त मैदानात उड्या मारतो, त्याने २८ आणि १० दात्यांची जोडी घ्यावी असे आमचे मत आहे, पण फॅशनपुढे कोणाचे चालते?

चेनव्हील आम्ही ७०७५ जातीच्या अॅल्युमिनियमच्या पाटातून व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या कटाई यंत्रावर कापतो. ६०६१ स्वस्त आणि हाताशी असते, पण त्याचे दाते लवकर खचतात. आपटणाऱ्यांसाठी बाहेरून जाड कडे असलेली चकती करतो, ती जड असूनही अधिक खपते.

माल थोडा असणे ही या धंद्याची मोठी अडचण. हीट ट्रीटमेंटवाला, म्हणजे पोलाद भट्टीत तापवून कडक करून देणारा, किलोवर दर लावतो आणि किमान शुल्क वेगळे घेतो. आमचा लॉट एवढा लहान, की किमान शुल्क भरले तर पेगच्या किमतीत ते मावत नाही. म्हणून शेजारच्या गिअरवाल्याचा लॉट भट्टीत जाईपर्यंत आम्ही थांबतो, आणि दोघांचे पोलाद व तापमान जुळत असेल तरच आमची टोपली त्यात जाते. रंगाचेही तसेच, काळा सोडून दुसरा रंग मागणाऱ्याला आम्ही हात जोडतो.

मापांचा गोंधळ हे या सायकलीचे दुसरे वैशिष्ट्य. क्रँक ज्यात बसतो त्या फ्रेमच्या भोकाचीच अनेक मापे आहेत. जुन्या आणि स्वस्त सायकलींना ५१.३ मिलीमीटरचे अमेरिकन भोक आणि एकाच सळईतून वाकवलेला क्रँक असतो, तर आजच्या चांगल्या फ्रेमला ४१.२ मिलीमीटरचे मिड भोक. महाराष्ट्रातील बहुतेक मुले पहिल्या प्रकारच्या सायकलीवर शिकतात. त्यांच्यासाठी आम्ही मोठ्या भोकात बसणारी आणि आत मिडची बेअरिंग घेणारी अॅल्युमिनियमची कडी बनवली. कागदावर सोपे काम आहे. प्रत्यक्षात स्वस्त फ्रेमचे भोक वेल्डिंगच्या उष्णतेने अंडाकृती झालेले असते आणि कडी एका बाजूने घट्ट, दुसरीकडे सैल बसते. तेव्हा आम्ही बाहेरचा व्यास दोन मापांत ठेवतो आणि गिऱ्हाइकाकडून भोकाची आडवी व उभी, दोन्ही मापे मागवतो. प्रत्येक कडीबरोबर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एक चिठ्ठी जाते: चांगला क्रँक बसला तरी फ्रेम साध्या लोखंडाचीच आहे, तिच्यावरून उंच उड्या मारू नयेत. या चिठ्ठीमुळे काही विक्री बुडते, याची आम्हाला कल्पना आहे.

विक्रीचा मार्ग दुकानांतून जात नाही. सायकलवाले उधारीवर माल मागतात, आणि वीस इंची सायकलीला लागणारी पेगची जोडी वर्षभर काचेआड पडून राहते. चालवणारी मुलेच थेट मागवतात, पैसे आधी भरतात. मुंबईच्या वांद्र्याकडून, बंगळुरूहून, चेन्नईहून आणि ईशान्येकडील राज्यांतून मागण्या येतात. पुण्यातली मुले कारखान्यातच येतात. भोसरीची साप्ताहिक सुटी गुरुवारी असल्याने रविवारी आमची यंत्रे चालू असतात, आणि मुलांना तोच वार मोकळा असतो. "काका, याचं भोक जरा मोठं करून द्या ना," असे म्हणत तुटके भाग मांडणारी ही मुले हीच आमची तपासणी प्रयोगशाळा आहे. कोणता नट सैल झाला, कोणती बाही किती दिवस टिकली, हे ती विचारल्याशिवाय सांगतात.

२०२० मध्ये टाळेबंदीनंतर जगभर सायकलींची मागणी उसळली, तैवानचा माल महिनोन्‌महिने मिळेना आणि युरोपातील लहान विक्रेत्यांनी आमच्याकडे विचारणा केली. त्या काळात निर्यातीचा थोडा माल गेला. आणखी एक व्हीएमसी कर्जाने घ्यावे असा सल्ला अनेकांनी दिला, पण वडिलांनी वाहन उद्योगातल्या तेजी-मंदीचे फेरे पाहिलेले असल्याने त्यांनी होकार दिला नाही. २०२२ नंतर परदेशातील गोदामे न विकलेल्या मालाने भरली, सवलतींचा पाऊस पडला आणि ती मागणी आली तशी गेली. जॉबवर्क चालू होते म्हणून पगार थांबले नाहीत.

कराच्या बाबतीत सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलच्या सुट्या भागांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. मुलांसाठी माल स्वस्त झाला, हे चांगलेच. आम्ही मात्र पोलादावर १८ टक्के भरतो आणि विक्रीवर ५ टक्के घेतो, त्यामुळे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, साचत जाते. परतावा मिळतो, पण तो अर्ज करून, आणि तोवर तेवढे भांडवल अडकलेले राहते. लहान कारखान्याला ही रक्कम लहान नसते.

क्रँक, हँडल आणि पुढचा चिमटा आम्ही बनवत नाही, आणि सध्या तसा विचारही नाही. पेग वाकला तर घसरण फसते; हँडल मोडले तर दात जातात. युरोपात बीएमएक्ससाठी ईएन १६०५४ हे मानक आहे, आणि अशा भागांवर हजारो वेळा भार देऊन ते कधी तुटतात हे पाहावे लागते. आमच्या शेडमध्ये तसे चाचणी यंत्र नाही. लुधियान्यात सायकल आणि शिलाई मशीनसाठी स्वतंत्र संशोधन केंद्र आहे, तिथे नमुने पाठवून तपासता येतील, पण प्रत्येक लॉटसाठी तो खर्च झेपेल इतका माल आज खपत नाही. तोवर क्रँक मागणाऱ्याला आम्ही दुसऱ्या कंपन्यांची नावे देतो, आणि तो क्रँक त्याच्या फ्रेममध्ये बसत नसेल तर कडी करून देतो.